तेरा गडू आणि एक इंग्रजी कागद

ती घटना आजही आठवते ती देवळाच्या आढ्याला टांगलेल्या तेरा गडूंमुळे. तांब्याचे लहान गडू, तोंडं लाखेने बंद केलेली, प्रत्येकाच्या गळ्यात सुतळी. खाली घोंगड्या पसरून तेरा माणसं बसलेली आणि त्यांतलं एकही माझ्याकडे बघायला तयार नाही. पोलीस खात्यात मी तीस-बत्तीस वर्षं काढली. खून, दरोडे, मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या आणि पुष्कळ विसरलो. हे प्रकरण विसरलो नाही, कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती पंचनाम्यात माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी मुळशी पेट्यात, म्हणजे तेव्हाच्या लहान तालुक्यात, फौजदार होतो. ठाणं म्हणजे कौलारू दोन खोल्या, दोन सायकली आणि स्वतःच्या मर्जीने चालणारा एक टेलिफोन. हाताखाली एक जुने हवालदार होते. मला काही समजावायचं असलं की ते आधी मिशीवरून हात फिरवत, आणि मी तरुण असल्यामुळे तो हात बऱ्याच वेळा फिरे. ज्या गावाची ही हकीगत आहे ते माण आणि जांब्याच्या बाजूचं. नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यांची मुलंबाळं तिथेच नांदतात, आणि यातलं कोणीही मुळात वाईट नव्हतं.

त्या वर्षी माघात दोन म्हाताऱ्या धरून गावातले चौदा जण काशीला जाऊन आले. त्यांचे म्होरके साठीचे गृहस्थ होते, आधी एकदा काशी केलेले, गावात शब्दाला मान असलेले. सगळे त्यांना आबा म्हणत. पुणे स्टेशनवर आगगाडीतून उतरून या मंडळींनी एक खाजगी मोटार भाड्याने केली आणि सोमवारी सकाळी ते गावाच्या शिवेवर पोचले. शिवेवर मारुतीचं देऊळ आहे, शेजारी पायऱ्यांची विहीर आहे. मंडळी तिथेच उतरली.

तिथेच का, हे सांगायला हवं. काशीहून आलेला माणूस थेट घरात जात नाही. गंगेचं पाणी भरून आणलेला गडू जमिनीला टेकवत नाहीत, म्हणून तो देवळाच्या आढ्याला टांगायचा आणि आपण खाली मुक्काम करायचा. मग चांगला दिवस बघून वाजतगाजत घरी जायचं, गंगेची पूजा करायची, गावाला जेवण घालायचं. याला मावंदं म्हणतात. मावंदं झालं की यात्रा पुरी झाली. तोवर घर समोर दिसत असलं तरी उंबरा ओलांडायचा नाही. या मंडळींचं मावंदं बुधवारी ठरलं होतं.

मंगळवारी दुपारी पोलीस पाटलांचा माणूस सायकल दामटत ठाण्यात आला. यात्रेतला एक जण देवळात मेला होता, डोक्याला मार लागून. मी हवालदारांना घेऊन निघालो. प्रेत देवळाच्या ओसरीत झाकून ठेवलेलं होतं. पन्नाशीचा, काटक बांध्याचा शेतकरी, प्रयागला डोकं आणि मिशी उतरवलेली. त्यामुळे डोक्यामागची जखम अगदी उघडी दिसत होती. चौदा गडूंपैकी त्याचा एक फोडून त्याच्याच तोंडात गंगा घातली होती. बाकीचे तेरा वर तसेच होते.

आबांनी हकीगत सांगितली. सोमवारी सकाळी मोटारीतून उतरताना हा सगळ्यांच्या शेवटी होता. तो पायरीवर असतानाच ड्रायव्हरने मोटार चालू केली. गाडीला हिसका बसला आणि तो पाठीवर दगडात पडला. ड्रायव्हर न थांबता निघून गेला. तेव्हापासून हा शुद्धीवर आलाच नाही आणि आज दुपारी त्याचे प्राण गेले.

पंचनाम्याच्या नमुन्यात मयताने शेवटचं काय खाल्लं-प्यायलं ते विचारायचं असतं. विषप्रयोगाची शंका राहू नये म्हणून ते असतं. मी विचारलं. आबा म्हणाले, “काय खानार सायेब? सुद्दच न्हवती. पान्याचा थेंब बी ग्येला न्हाई.” मी तसं लिहिलं. मग त्याच्या गाठोड्यातल्या वस्तूंची यादी केली. धोतरजोडी, कांबळं, पितळी तांब्या, रुद्राक्षाची माळ, काचेच्या बांगड्यांचा एक डबा, चंची. आणि शेवटी: अनुक्रमांक सात, छापील इंग्रजी कागद, घडी घातलेला, एक. यादीवर पंचांचे अंगठे घेतले, वस्तू मुद्देमालात जमा केल्या, प्रेत शवचिकित्सेसाठी पुण्याला रवाना केलं.

तेरा जणांचे जबाब घेतले. तेरा जणांनी एकच सांगितलं, आणि एकाच शब्दांत सांगितलं: ‘गाडीला हिसका बसला आणि ते पायरीवरून पाठीवर पडले.’ आज कोणी मला असे तेरा जबाब दाखवले तर मी ते तिथल्या तिथे परत करीन. खरी घटना पाहिलेली माणसं एकमेकांशी भांडतात. एक म्हणतो डावा पाय घसरला, दुसरा म्हणतो उजवा, तिसऱ्याने तर काही पाहिलेलंच नसतं पण तो सगळ्यांत जास्त बोलतो. इथे तसं काही नव्हतं, आणि ते मला खटकलंही होतं. पण काशीहून आलेली, अजून घरातही न गेलेली माणसं खोटं बोलतील असं माझ्या मनात आलं नाही.

बुधवारी ड्रायव्हरला पुण्याहून आणलं. निष्काळजीपणे गाडी चालवून मरणास कारण झाल्याचं कलम लागलं. हा चाळिशीचा, बारीक चणीचा माणूस, अंगावर खाकी सदरा. त्याला गुन्हा सांगितला तेव्हा त्याला आधी कळेचना.

“पडलं? कोण पडलं? साहेब, मी गाडी बंद करून किल्ली काढून खाली उतरलो होतो. दोन म्हाताऱ्या बायांना हात धरून मी स्वतः उतरवलं. सगळी माणसं देवळात गेली, तेव्हा किल्ली लावली मी.”

“तेरा माणसं खोटं बोलतात आणि तू एकटा खरं?”

तो हळूच म्हणाला, “किल्ली माझ्या हातात होती, साहेब.” पुढचे आठ दिवस तो हेच सांगत राहिला. कोणीही विचारलं तरी हेच, आणि कोणी विचारलं नाही तरी हेच.

कलम जामिनाचं होतं, पण जामीन राहायला माणूस मिळेना. मोटारीच्या मालकाने हात वर केले. ड्रायव्हर ठाण्याला लागून असलेल्या मामलेदार कचेरीच्या कोठडीत राहिला. त्याची बायको रोज सकाळच्या एसटीने पुण्याहून येई. जेवणाचा डबा देऊन, रिकामा डबा मांडीवर घेऊन, ती परतीच्या गाडीपर्यंत समोरच्या बाभळीखाली बसून राही. मला नमस्कार करी, पण कधी काही मागितलं नाही. तेरा साक्षीदारांच्या तोंडावर त्या माणसाला शिक्षा होणार हे मला दिसत होतं. लायसन जाणार, तुरुंग होणार, आणि सुटून आल्यावर त्याच्या हातात गाडी कोण देणार? मला वाईट वाटत होतं, पण मेलेल्या माणसाच्या दोन बिनलग्नाच्या मुलीही मला दिसल्या होत्या. कायद्याचं काम कायदा करतो, असं मी स्वतःला सांगितलं. असं आपण स्वतःला सांगायला लागलो की कुठेतरी काम अर्धवट टाकलेलं असतं, हे पुढे कळलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी त्या देवळाचा गुरव ठाण्यात आला. त्याची तक्रार होती. चिडलेला होता.

“सायेब, ती मान्सं माज्या देवळातनं हालत न्हाईत. धा दीस झालं. झाडू कुटं मारू? दिवा कुटं लावू? इचारलं मावंदं कदी, तर समदी खाली मान घालून बसत्यात.”

हवालदार म्हणाले, “अरे, सुतक असेल त्यांना.”

“सुतक भावकीला, हवालदार. भावकीतली चारच हायेत. येक तेली हाय, दोगं माळी हायेत, त्यास्नी कसलं सुतक? घरं अशी समोर दिसत्यात. बायका भाकरी आनून देत्यात अन् ही समदी देवळात बसून खात्यात. गडू तसंच वर. हात लावत न्हाईत कुनी.”

तो झाडूचं रडगाणं गात राहिला. माझं लक्ष मात्र एका वाक्यावर अडकलं होतं. बायका भाकरी आणून देतात. म्हणजे त्या मंगळवारीही दिली असणार, आणि मयताच्या घरूनही कोणी आलं असणार.

मी आणि हवालदार देवळात गेलो. तेव्हाच ते दृश्य पाहिलं, जे सुरुवातीला लिहिलं. वर तेरा गडू, खाली तेरा माणसं. दहा दिवसांत पुरुषांच्या दाढ्या वाढलेल्या, दोन्ही म्हाताऱ्या खांबाआड. मी आबांना म्हणालो, “घरी का जात नाही? तुम्हाला कोणी अडवलंय?”

“जाऊ की, सायेब.”

“कधी?”

मागे एक म्हातारा माळी बसला होता, तो दोन्ही हातांनी तोंड झाकून घेऊन हुंदका गिळायला लागला. मी बाहेर आलो. हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. “साहेब, एकेकाच्या हातात गडू द्या आणि सांगायला लावा. दोन मिनिटांत सगळं बाहेर येईल.”

येईल हे मलाही दिसत होतं. खोट्या तोंडाने गंगा पूजायची नाही म्हणूनच ते घरी जात नव्हते. पण तसली शपथ कोर्टात टिकत नाही, आणि माणसाचा देव त्याच्यावर दंडुक्यासारखा उगारणं मला पटेना. मी हवालदारांना तिथेच बसवलं आणि एकटा मयताच्या घरी गेलो.

त्याची बायको पडवीत बसली होती. दोन्ही मुली आतल्या दाराशी. मी ओट्यावर टेकलो. ती यात्रेला गेली नव्हती. जनावरं आणि मुली सांभाळायला कोणी हवं होतं, म्हणून ती मागे राहिली होती आणि नवरा तिच्या वाट्याची गंगा आणणार होता. पहिल्या दिवशी तिची अवस्था पाहून मी तिचा जबाब घेतला नव्हता. आता मी नमुन्यातला तोच साधा प्रश्न विचारला.

“बाई, त्यांनी शेवटचं काय खाल्लं होतं?”

ती पटकन म्हणाली, “नाचनीची भाकर अन् वालाचं कालवन. दोन खाल्ल्या अन् तिसरी ठिवली. म्हनले, तिकडं नुसता भात खाऊन जीव कटाळला, आता उद्या घरी चुलीम्होरं बसून ग्वाड खाईन.”

हे तिने कौतुकाने सांगितलं. मग तिच्याच ध्यानात आलं असावं. ती थांबली आणि पदर सारखा करायला लागली. मी काही बोललो नाही. जबाब घेताना केव्हा बोलायचं नाही हे मला त्या वेळीही येत होतं.

शेवटी तिनेच विचारलं, “सायेब, आबा म्हनले, मोटारीनं पाडलं असं सांगायचं, बाकी कुनाशी बोलू नगं. त्या मोटारवाल्याला काय दंड व्हईल का?”

“दंड? तो आठ दिवस कोठडीत आहे.”

“आत हाय?” ती गुडघ्यावर उठली. “आमाला कुनी सांगितलं न्हाई. त्याला बायको हाय?”

“आहे. रोज पुण्याहून डबा घेऊन येते. झाडाखाली बसते.”

ती खाली बसली. दारातल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं नाही, बाहेर शिवेकडे बघत म्हणाली, “मी बी डबाच न्हेला हुता वो त्या दिशी. पायरीवर ठिवला अन् लांब हुबी ऱ्हायले.” आणि मग सगळं सांगितलं. तिला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी वचनही दिलं नव्हतं. खरं सांगितलं तर आपल्या हातातलं काय जाईल हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने सांगितलं. मी तिच्याइतका धीर फार थोड्या माणसांत पाहिला.

मंगळवारी जेवण झाल्यावर तो भाकरीचं फडकं धुवायला विहिरीत उतरला. ती वर काठावर उभी होती. शेवाळलेल्या पायरीवरून पाय गेला, डोकं दगडावर आदळलं. लोकांनी देवळात आणला तेव्हा श्वास होता, घटकाभराने तोही गेला. मोटारीचा काही संबंध नव्हता.

देवळात परत येऊन मी आबांसमोर बसलो आणि एवढंच म्हणालो, “नाचणीची भाकर, वालाचं कालवण. दोन खाल्ल्या, तिसरी ठेवली.”

आबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. “सुटलो,” ते म्हणाले. मी चिडून बसलो होतो, तो शब्द ऐकून माझा राग अर्धा उतरला.

मग विम्याची गोष्ट बाहेर आली. यात्रेला निघायच्या आधी पुण्याचा एक एजंट चावडीवर येऊन बसला होता. आयुष्याचा विमा तेव्हा सरकारी झालेला होता, पण आगीचा, अपघाताचा, प्रवासाचा विमा खाजगी कंपन्या विकत. चौदाही जणांनी प्रवासाचा विमा घेतला. एजंटाने सांगितलं होतं, वाटेत गाडीला अपघात झाला तर मागच्यांना रक्कम मिळेल. कागद इंग्रजीत होता. आपण कशासाठी पैसे देतोय ते कोणी विचारलं नाही. किती द्यायचे आणि अंगठा कुठे करायचा, एवढंच विचारलं.

आबा म्हणाले, “ह्यो हिरीवर पडला. गाडीत न्हाई, वाटंवर न्हाई, गावात येऊन पडला. आमी म्हनलं, परवास संपला, आता इमा कसला? दोन पोरी उजवायच्या हायेत. समद्यांनी इचार केला की मोटारीचं नाव घ्यावं. आमच्या पदरात काय पडनार हुतं, सायेब? त्या बाईसाठी केलं.”

“आणि ड्रायव्हर?”

“त्यो परका. त्याचा मालक सोडवंल त्याला, असं वाटलं.”

“आठ दिवसांत विचारलंत, सुटला का म्हणून?”

“न्हाई.” मग ते म्हणाले, “इचाराया त्वांड न्हवतं. म्हून घरी बी ग्येलो न्हाई. गडूला हात लावाया ग्येलं की हात मागं यायचा.”

रविवारी एजंट येऊन गेला होता. आबांनी सांगितली ती मोटारीची हकीगत त्याने मागणीच्या अर्जात भरली, बाईचा अंगठा घेतला, अर्ज कंपनीकडे पाठवला. अर्जात काय आहे हे तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी ठाण्यात येऊन मी मुद्देमालाचं कपाट उघडलं आणि अनुक्रमांक सातचा कागद बाहेर काढला. तो विम्याचाच कागद होता. समोर कंपनीचं नाव, नंबर, मुदत. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी. मी कंदील जवळ ओढून वाचायला सुरुवात केली. आजारपणाने मरण आलं तर रक्कम नाही. भांडणात, दारूच्या नशेत काही झालं तर नाही. आधीपासूनचं दुखणं वाढलं तर नाही. आणि त्याच्या वर, पहिल्याच कलमात, विमा कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलं होतं: विमेदाराने आपल्या राहत्या घरातून बाहेर पाऊल टाकल्यापासून तो त्याच घरात परत पाऊल टाकेपर्यंत, वाहनात किंवा वाहनाबाहेर, अपघाताने इजा होऊन मरण आल्यास.

मी ते तीनदा वाचलं, मग हवालदारांना मराठीत सांगितलं. त्यांचा हात मिशीपर्यंत गेलाच नाही.

तो माणूस घरी पोचलाच नव्हता. रिवाजाने त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं आणि कागदही तेच सांगत होता. विहिरीवरचं मरण विम्यात बसत होतं. खरं होतं तसं सांगितलं असतं तर त्या बाईला रक्कम मिळाली असती, ड्रायव्हर त्याच्या घरी राहिला असता, तेरा माणसं बुधवारी वाजतगाजत आपापल्या दारात गेली असती. आणि त्याच कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: मागणीच्या अर्जात खोटी माहिती दिल्यास हक्क रद्द.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते निराळंच. एजंटाने तो कागद वाचला नव्हता. मी त्याला बोलावून विचारलं, तर म्हणाला, “मला जेवढं सांगितलं तेवढं मी लोकांना सांगितलं, साहेब.” आबांना इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. कागद पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात होता. अर्ज गेला रविवारी. मंगळवार ते रविवार, पाच दिवस. त्यांतल्या एका दिवशी मी घडी उलगडली असती तर तेरा एकसारख्या जबाबांमागचं कारण मला कळलं असतं, आणि खोटा अर्ज जायच्या आधीच मी त्यांना थांबवलं असतं. मी लिहिलं काय, तर ‘छापील इंग्रजी कागद, एक’.

शुक्रवारी मॅजिस्ट्रेटांपुढे अहवाल ठेवून ड्रायव्हरला सोडवलं. शवचिकित्सेचा अहवालही त्याच सुमारास आला, पोटात अर्धवट पचलेलं अन्न होतं. आबा आणि दोघे जण ठाण्याच्या दारात उभे होते. आबा त्याच्या पायांकडे वाकले, तेव्हा तो मागे सरकला. “म्हाताऱ्या माणसाला माझ्या पाया पडायला लावायची मला हौस नाही,” तो म्हणाला. “मी दोन जणींना हात धरून उतरवलं होतं. त्यांनी तरी सांगायचं होतं.” एवढं बोलून तो बायकोबरोबर एसटीच्या थांब्याकडे गेला. मावंद्याचं बोलावणं त्याला धाडलं होतं, तो आला नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. साक्षीदारांवर खटला भरा असं वरून सुचवलं गेलं. मी नव्याने खरे जबाब घेतले आणि तेवढ्यावर थांबलो, त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

भावकीचं सुतक फिटल्यावर तेरा गडू खाली उतरले. वाजंत्री नव्हती, माणसं गुपचूप आपापल्या घरी गेली.

कंपनीला मी स्वतः सगळी हकीगत लिहून कळवली, कागदातलं पहिलं कलमही उतरवून दिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. भाषा सभ्य होती. अर्जात खोटी माहिती असल्यामुळे मागणी मान्य करता येत नाही. कंपनीने नियमाबाहेर काही केलं होतं असं मला म्हणता येत नाही. मी ते पत्र आणि मुद्देमालातून मोकळा झालेला कागद घेऊन त्या बाईकडे गेलो आणि दोन्ही तिला ओळीओळीने मराठीत वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं. पहिलं कलम पुन्हा वाचायला सांगितलं, मी वाचलं.

ती म्हणाली, “म्हंजी ते घरी पोचलं न्हवतं, हे कागदाला कळत हुतं.”

“हो.”

“आमाला बी कळत हुतं की वो. आमी कागदाला इचारलंच न्हाई.”

गाठोड्यातल्या बाकीच्या वस्तूही मी आणल्या होत्या. तिने त्याचा बांगड्यांचा डबा उघडून पाहिला आणि मुद्देमाल मिळाल्याच्या पावतीवर अंगठा केला. बांगड्या मुलींच्या मापाच्या होत्या. मला तिने एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता प्रवासाला निघणारी मंडळी माझ्याकडे येतात. पोरं दूरदूर जातात, विमा घेतात. मी त्यांना आधी कागद वाचायला बसवतो. हा विमा कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, आजारपण त्यात आहे की नुसता अपघात, काय झालं तर मिळणार नाही, कोणाला आणि किती दिवसांत कळवायचं, हे अंगठा किंवा सही करायच्या आधी विचारून घ्या म्हणतो. विकणाऱ्याच्या तोंडचं ऐकू नका, छापलेलं वाचा, वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला धरून आणा. पोरं हसतात. म्हातारा फौजदार उलटतपासणी घेतो म्हणतात.

त्यानंतर नोकरीत मी शेकडो पंचनामे केले. ‘छापील कागद, एक’ असं पुन्हा कधी लिहिलं नाही. प्रत्येक कागद उलगडून, वाचून, त्यात काय आहे ते लिहूनच पुढचा अनुक्रमांक टाकला. एवढी साधी गोष्ट शिकायला मला एक निरपराध माणूस नऊ दिवस कोठडीत ठेवावा लागला, आणि ज्या बाईने त्याला सोडवलं तिला रिकाम्या हाती राहावं लागलं.